खलास, माफी मुश्किल

इब्राच्या बाजारात आमचं शिलाईचं दुकान आहे, असं मी शाळेत सांगायचे. ते खरं नव्हतं. दुकान एका ओमानी गृहस्थांचं होतं आणि माझे वडील तिथे शिंपी होते. दुकानामागे दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही चौघं झोपायचो. दुसरीत गॅसची शेगडी, कापडाची गाठोडी आणि अम्मीचं काजं करायचं काम. एसी फक्त दुकानात, कारण गिऱ्हाईक तिथे बसायचं. मे-जूनच्या दुपारी अब्बा मधलं दार थोडं उघडं ठेवायचे आणि त्या फटीसमोर कोण बसणार यावरून माझं आणि धाकट्या भावाचं भांडण व्हायचं.

अब्बा, हसन परकार, चौथी शिकलेले. अम्मी कुराण वाचायची, पण शाळेच्या कागदावर सही करायची वेळ आली की पेन हातात धरून अब्बांकडे बघायची. आमचं गाव दाभोळच्या खाडीकडे. परकारांच्या घरात, गावातल्या किंवा गल्फमधल्या, तोवर कुणीही कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी दहावी झाले की गावी जाणार, चुलत्यांकडे राहणार आणि स्थळ आलं की लग्न. हे कुणी बोलून ठरवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा.

आज मस्कतमधल्या एका कंपनीचे हिशेब माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत, हे मी अभिमानानं सांगते. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांचं स्वतःचं बी.ए. मात्र अपुरं राहिलं होतं. त्यांचं नाव सुखदेव मेश्राम.

ते आमच्या दुकानात पहिल्यांदा आले ते कपडे शिवून घ्यायला. आधी दारात अंधार झाला आणि मग माणूस दिसला, एवढे ते उंच होते. उजवा पाय ओढत आत आले आणि मराठी कानावर पडताच अब्बांचं नाव-गाव विचारून खुर्चीत ऐसपैस बसले. तयार पँट त्यांना घोट्याच्या वर यायची, म्हणून कापड घेऊन आले होते. अब्बांनी शर्टाचं माप स्टुलावर चढून घेतलं. सगळी मापं झाल्यावर मेश्राम म्हणाले, "आता परत सांगा बरं."

"काय सांगू?"

"मापं. तुम्ही काय घेतलं ते मले म्हणून दाखवा."

अब्बांना राग आला. "इतकी वर्सं शिवतंय मी. तुमाला मी बहिरा वाटलो काय?"

"नाही हो, परकारभाई. बहिरा मी होतो एकदा. तेव्हापासून विचारून घेतो."

अब्बांनी खांद्यापासून घोट्यापर्यंत सगळी मापं चिडून, एका दमात म्हणून दाखवली. मग कापड पसरलं, वीत टाकून पाहिलं आणि जिंकल्यासारखे म्हणाले, "कापड कमी हाय. दोन पाय नाय व्हनार ह्यात. दीड व्हईल."

"मग दीडच करा," मेश्राम म्हणाले. "तसाही एक पाय कामाचा नाही राह्यला."

अब्बा हसले नाहीत. बऱ्याच वेळानं, ते निघून गेल्यावर, मशीन चालवता चालवता एकटेच हसले.

मेश्रामकाका नागपूरचे. वडील कापड गिरणीत होते आणि गिरणीजवळच्या वस्तीत त्यांची एक खोली होती. वस्तीतल्या विहारामागे मोकळी जागा होती. तिथे कुणीतरी लाकडी खांबाला लोखंडी कडं ठोकलं होतं. जाळी नाही, फळीला भेग. त्या कड्याखाली ते बास्केटबॉल शिकले. गिरणीचं काम कधी असायचं, कधी नसायचं, आणि चूलही तशीच. "घरात सगळ्यात कमी मीच खाऊन राह्यलो होतो अन् सगळ्यात लांब मीच झालो," ते सांगायचे. "माय म्हणे, ह्या पोट्ट्याले वाढाले काय भेटते, कोण जाणे."

एका कॉलेजनं त्यांना उंची बघून घेतलं. फी माफ, बूट कॉलेजचे. ते विद्यापीठाच्या संघात गेले, मग राज्याच्या. गाड्यांमधून देशभर हिंडले. वर्गात त्यांची हजेरी कुणीतरी लावायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी पेपर होते तेव्हा ते दक्षिणेत कुठेतरी सामना खेळत होते. पुढच्या वर्षी पेपराच्या सकाळीच वडील गेले. तिसऱ्यांदा परीक्षेला बस म्हणून कुणी सांगितलं नाही, कारण तोवर मुंबईच्या एका कंपनीनं त्यांना आपल्या संघात उचललं होतं.

"कॉलेजनं मले खेळवलं, शिकवलं नाही," ते म्हणायचे. "अर्धा दोष त्यायचा, अर्धा माझा."

कंपनीत सकाळी मस्टरवर सही करायची आणि दिवसभर खेळायचं. पगार खेळायचाच. ते रिंगखाली उभे राहायचे, सेंटरला. मी एकदा त्यांना विचारलं, किती बास्केट केल्यात तुम्ही? म्हणाले, "माझं काम बास्केट करायचं नव्हतं, माय. लोक टाकतात, लोकायचा नेम चुकते, मी उचलतो. उचलणाऱ्याचा फोटो छापून येत नाही." तरी एका जुन्या कात्रणात ते होते. हवेत उडी घेतलेले, चेहरा दुसऱ्याच्या हाताआड, फक्त कोपर आणि पंजा दिसणारा. ते कात्रण दाखवून ते म्हणायचे, "हा मी. विश्वास ठेवा."

मग एका वर्षी कंपनीनं खेळांचा खर्च थांबवला, संघ मोडला आणि त्यांना मालाच्या रवानगीला बसवलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "मॅच चालू होती ना." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मस्कतच्या एका क्लबनं त्यांना एका हंगामाच्या करारावर बोलावलं. वय तिशीपुढे गेलेलं, तरी गेले. तिथे त्यांचा गुडघा गेला. गुडघ्याबरोबर आणखीही काही गेलं. त्यानंतर ते ओळखीच्या एका माणसाबरोबर इब्राला आले आणि बांधकाम कंपनीच्या गोदामात कामाला लागले.

हा माणूस माझ्या शाळेत आला तो पाइप पोचवायला. मागच्या अंगणात सिमेंट केलेलं होतं. मधल्या सुट्टीत मुलगे तिथे चेंडू लाथाडत होते आणि मुली भिंतीच्या सावलीत ओळीनं बसल्या होत्या. मुख्याध्यापिकेला भेटून ते म्हणाले, "मॅडम, भिंत मी पाह्यली. पडत नाही ती. ह्या पोरी कायले टेकून बसल्या?" पुढच्या महिन्यात अंगणात खांब उभा राहिला. कडं त्यांनी गोदामातल्या वेल्डरकडून करून घेतलं होतं.

मुलग्यांना परवानगीची गरज नव्हती. माझ्यासाठी मात्र मेश्रामकाकांना दुकानात यावं लागलं. अब्बांनी कात्री खाली ठेवली नाही.

"मेश्रामभाई, पोरीची जात हाय. चार मानसांत उड्या मारील काय ती?"

"परकारभाई, बुधवारी वहिनी कुठं जातात?"

"बायकांच्या बाजारात."

इब्रात बुधवारी सकाळी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. अम्मी शेजारच्या ओमानी बाईबरोबर लहान मुलींचे फ्रॉक घेऊन तिथे बसायची.

"तुम्ही जाता तिथं?"

"पुरुषांना सोडीत नाय तिकडं."

"मग! ह्या गावात बायकायचा बाजार भरते अन् जग बुडत नाही. बायकायचं मैदान भरलं तर काऊन बुडन?"

अब्बांनी कात्री दोनदा उघडली, मिटली. मग म्हणाले, "आनि तुमी? तुमी पुरुष नाय काय?"

"मी स्टोअरकीपर," मेश्रामकाका म्हणाले.

मधल्या दाराच्या पडद्यामागून अम्मीचं हसू ऐकू आलं आणि अब्बांचा निम्मा विरोध तिथेच संपला. बुधवार संध्याकाळ मुलींची ठरली. त्या वेळात शाळेचं मागचं फाटक बंद, आणि अम्मी काजं घेऊन कडेला बसणार, ही अब्बांची अट. माझा खेळायचा पोशाख त्यांनी स्वतः शिवला. सैल, पूर्ण बाह्यांचा, पण काखेत कळी घातलेला, म्हणजे हात सरळ वर जाईल. कुणी सांगितलं नव्हतं. शिंप्याला ते कळतं.

मेश्रामकाका कुणाला नावानं हाक मारत नसत. प्रत्येकीला तिच्या गावानं. एक कोल्लम होती, एक हैदराबाद, दोघी बहिणी मोठी सुरत आणि छोटी सुरत. मी रत्नागिरी. "रत्नागिरी, पाय! खुंट्याचा पाय हलला!" बॉल हातात धरून उभं राहिल्यावर एक पाय जागचा हलवायचा नसतो, दुसरा हवा तिकडे फिरवता येतो. त्या न हलणाऱ्या पायाला ते खुंट्याचा पाय म्हणायचे आणि कोल्लमच्या मुलीलाही तोच शब्द पाठ झाला होता. अम्मीलासुद्धा. पुढे पुढे ती काजांवरून नजर न उचलता "पावलां! पावलां!" ओरडायची आणि तिचं बरोबर असायचं.

त्यांची एक रीत आम्हाला विचित्र वाटायची. काहीही सांगितलं की ते थांबायचे आणि एकीकडे बोट दाखवायचे. "मी काय म्हणलो? परत सांग." तिनं त्यांचेच शब्द म्हणून दाखवले तर चालायचं नाही. "हे तर पोपट बी म्हणीन. तुह्या बोलीत सांग." मग मोठी सुरत हिंदीत, कोल्लम इंग्रजीत, मी आमच्या कोकणीत सांगायचे. कुणाचं चुकलं की ते रागवायचे नाहीत, घाबरायचे. खरंच घाबरायचे. चेहरा उतरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे. आमची मराठी, त्यांची हिंदी आणि सगळ्यांचं इंग्रजी, या खिचडीत इतकं काय घाबरायचं, ते मला कळत नव्हतं.

दहावीच्या वर्षी आम्ही मस्कतला शाळांच्या स्पर्धेत खेळलो. हरलो, पण उपांत्य सामन्यापर्यंत गेलो आणि रिंगखालचे बॉल मी उचलले. पुढच्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून अब्बा आल्यावर, काका दुकानात आले. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांचा जुना जोडीदार खेळांचा शिक्षक होता. खेळाच्या जागेवर अकरावीपासून घेतो, फी नाही, मुलींचं वसतिगृह आहे, असं त्यानं फोनवर कबूल केलं होतं. चाचणी द्यावी लागणार होती.

अब्बा खडूनं कापडावर रेघा मारत ऐकत होते. मी पडद्यामागे उभी. माझ्या गावी जाण्याचं तिकीट काढायचं बोलणं त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. कुवेतमधल्या एका मुलाचं नावही घरात दोनदा ऐकलं होतं.

"विचार करून सांगतो," अब्बा म्हणाले. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, परकारभाई. गल्फमध्ये मी बी राह्यलो. इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मले कळते. हाव म्हणा, नाही तर नाय म्हणा."

"मग नाय. नागपुरात आमचा कोन हाय?"

"माझी ताई आहे."

"ती तुमची ताई."

मेश्रामकाकांनी उजवा पाय लांब केला. मग म्हणाले, "तुम्ही पह्यल्या दिवशी विचारलं होतं, बहिरा वाटलो काय म्हणून. आज सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. मस्कतला येऊन थोडेच दिवस झाले होते. क्लबच्या सामन्यात उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला आणि गुडघा फिरला. डॉक्टर म्हणाले, खेळणं बंद. दुसऱ्या दिवशी क्लबचे व्यवस्थापक दवाखान्यात आले. पांढऱ्या दाढीचे ओमानी गृहस्थ, सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, काकांना अरबी. बरोबर दुभाषा नव्हता. अर्बाब खुर्ची ओढून बसले, अरबीत पुष्कळ बोलले, कमरेच्या उंचीवर तळवा आडवा धरून दाखवला, शेवटी दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले आणि म्हणाले, "खलास. माफी मुश्किल."

"आता तुम्ही मले सांगा," मेश्रामकाका म्हणाले, "नागपूरच्या माणसानं ह्याचा काय अर्थ घ्यावा? खलास म्हणजे संपला. माफी मुश्किल म्हणजे तुले माफ करणं कठीण आहे. हात झटकले म्हणजे आमचा तुह्याशी संबंध नाही. अन् हा हात असा खाली धरला, म्हणजे उंच होता, आता एवढासा राह्यला. मी त्यायच्याकडं पाह्यलं बी नाही. भिंतीकडं तोंड केलं."

अब्बांचा खडू थांबला होता. ते आखातात मुरलेले. त्यांना पुढचं कळलं होतं.

काकांनी ओळखीच्या माणसाकडून क्लबला निरोप पाठवला, मला रिलीज द्या, म्हणजे दुसरीकडे नोकरी धरता येईल. अर्बाबांनी काही न विचारता दिलं. काका इब्राला आले. गोदामात ओमानी पोरांबरोबर काम करता करता अरबी शिकले. दोनेक वर्षांनी, ईदच्या आधी, ते बकऱ्यांच्या बाजारात उभे असताना कुणीतरी मागून खांदे धरले. ते अर्बाब होते. डोळ्यांत पाणी. म्हणाले, तू का सोडून गेलास? मी तुला सांगितलं होतं ना, लहान मुलांना शिकव, सगळं ठरलंय म्हणून. खलास म्हणालो होतो. माफी मुश्किल म्हणालो होतो.

आखातात खलास म्हणजे ठरलं, झालं काम. माफी म्हणजे नाही. माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. आणि कमरेएवढा धरलेला तळवा म्हणजे लहान मुलं.

"मले तिथंच बसा लागलं. बकऱ्यायच्या मधात," काका म्हणाले. "माणूस मले नोकरी देऊन राह्यला होता अन् मी भिंतीकडं तोंड करून राह्यलो होतो. एक डाव विचारलं असतं, अर्बाब, परत सांगा, तर जन्मभर मैदानावर राह्यलो असतो."

"मग परत का नाय गेलाव?" अब्बांनी विचारलं.

"तोवर दुसऱ्याले ठेवलं होतं. सुदानचा माणूस, लेकराबाळायचा. त्याले काढून मी बसू काय?" मग ते पडद्याच्या दिशेनं न बघता म्हणाले, "तुम्ही नाय म्हणा, परकारभाई, माझं काही नाही. पण पोरीले विचारून म्हणा. ती गप आहे. तिच्या गप राहण्याचा अर्थ तुम्ही तुमच्या मनानं लावून राह्यले. मी बी तेच केलं होतं."

अब्बांनी मला आजवर कधी काही विचारलं नव्हतं. दुष्टपणानं नव्हे. विचारायचं असतं, हेच आमच्या घरात ठाऊक नव्हतं. त्यांनी पडद्याकडे बघून हाक मारली. मी बाहेर आले.

"तुला काय व्हयाचा हाय?"

बास्केटबॉल म्हणावं असं क्षणभर वाटलं, पण तोंडून आलं ते खरं होतं. "मला कॉलेजात जायचंय. अब्बा, मला शिकायचंय."

"आनि ह्यो बॉल?"

"बॉलनं दार उघडलं तर बॉलही खेळेन."

अब्बा कापडाकडे बघत राहिले. अम्मी माझ्या मागे येऊन उभी होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मग अब्बांनी हाताला लागलेला खडू तळहातावर तळहात घासून झटकला आणि म्हणाले, "खलास."

मेश्रामकाका खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा चेहरा मैदानावर उतरायचा तसाच उतरला होता. "कोणतं खलास, परकारभाई? नागपूरचं की इथलं?"

"इथला," अब्बा म्हणाले. "माफी मुश्किल."

काका पुन्हा खुर्चीत बसले आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून बसूनच राहिले. अम्मीनं चहा आणला तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. डोळे पुसून झाले नव्हते.

निघताना त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "आधी वर्ग, मग बॉल. मी काय म्हणलो?"

"पयला वर्ग, मंग बॉल," मी आमच्या बोलीत सांगितलं.

नागपुरात पहिल्या वर्षी मी रोज रडले, हेही सांगायला हवं. माझ्या बोलीला मुली हसायच्या. त्यांची नागपुरी बोली मला काकांच्या तोंडी गोड वाटायची, वर्गात ती टोचायची. ताईंचं घर गिरणीच्या वस्तीतच होतं. गिरणी बंद पडलेली, खोली तीच. रविवारी त्या मला जेवायला बोलवायच्या. पहिल्या रविवारी पानात फक्त वांग्याची भाजी आणि भाकरी होती. दुसऱ्याही रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी त्या म्हणाल्या, "सुखदेवनं फोनवर सांगितलं, तुमचं मटण वेगळ्या दुकानातून आणा लागते म्हणून. मोमिनपुऱ्यात जाऊन आली मी. आता खाशील ना?" दर रविवारी त्यांच्या घरच्या भिंतीवरून बाबासाहेब आणि बुद्ध माझ्या ताटाकडे बघायचे आणि मी पोटभर जेवायचे.

विहारामागचं ते कडं मी पाहिलं. आता लोखंडी खांब होता आणि मुलं खेळत होती. मी कॉलेजकडून खेळले, विद्यापीठाकडूनही एक हंगाम खेळले. फार मोठी खेळाडू झाले नाही. वर्ग मात्र एकही चुकवला नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तेव्हा मी संघातून नाव काढून घेतलं. खेळांचे सर, काकांचे जुने जोडीदार, रागावले. फोनवर काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याले म्हण, मेश्रामनं सांगितलं. त्याले माझे पेपर आठवतात. आम्ही दोघं एकाच गाडीत होतो."

बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी ते गेले. गोदामात कपाटाच्या वरच्या फळीवरून काहीतरी काढताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. इब्रात त्यांचं कुणी नव्हतं. मयत घेऊन कोण जाणार, असं कंपनीत बोलणं चाललं तेव्हा अब्बा दुकान बंद करून तिथे गेले आणि म्हणाले, मी जातो. पंचवीस वर्षांत अब्बा दाभोळ आणि ओमान सोडून कुठे गेले नव्हते.

नागपूरला मी विमानतळावर उभी होते. अब्बा बाहेर आले तेव्हा त्यांच्या काखेत एक पुडकं होतं. ताईंच्या दारात ते उघडून त्यांनी पांढरं कापड काढलं. लांबच लांब.

"ह्या येली कमी नाय पडू दिला," ते ताईंना म्हणाले. "माप मला पाठ होता. त्यानंच पाठ करवून घेतलेला."

ताईंनी कापड छातीशी धरलं. वस्तीतले लोक जमले, त्रिशरण-पंचशील झालं. अब्बा टोपी घालून, हात बांधून एका बाजूला उभे होते. खांदा द्यायची वेळ आली तेव्हा कुणीतरी त्यांच्याकडे पाहून जागा केली आणि ते पुढे झाले. एवढ्या उंच माणसाला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं तेव्हा विमानातून आलेली ती लांब पेटी दारातून काढताना थोडी तिरकी करावी लागली.

संध्याकाळी मी ताईंना म्हणाले की मी यंदा परीक्षा देत नाही. माझ्याच्यानं होणार नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"त्याचे पेपर असेच राह्यले, माय. एक वर्ष मॅच, एक वर्ष बापाची मयत. त्या दिवशी मीच त्याले म्हणलं होतं, जाऊ दे, पुढच्या वर्षी दे. तुले मी तसं म्हणणार नाही. उठ, अभ्यासाले जा."

मी उठले. अब्बा मला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडायला आले. फाटकावरची कॉलेजच्या नावाची पाटी त्यांनी एकेक अक्षर लावून वाचली आणि परत फिरले.

पेपर मी दिले. सगळे दिले. निकाल लागला त्या दिवशी कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या फोन बूथमधून इब्राच्या दुकानात फोन लावला. ओमानात सकाळ होती. मागे मशीनचा आवाज येत होता.

"अब्बा, निकाल लागला. पहिला वर्ग मिळाला. मी पास झाले."

मशीन थांबलं. लाइन गेली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणाले. मग अब्बांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"तू काय म्हनलीस? परत सांग. आपल्या बोलीत सांग."

मी सांगितलं. "अब्बा, मी बी.कॉम. झालंय."